सुईचं टोक

सुई मोडली की मशीन लगेच थांबत नाही. आधी 'टक्' असा आवाज येतो, मग धागा तुटल्याचा लाल दिवा लागतो, आणि मग कुठे मशीन भानावर येतं. तोवर उरलेल्या अर्ध्या सुईनं चार-पाच टाके हवेतच घातलेले असतात. थोरलीनं हात झटकन मागे घेतला आणि एक शिवी हासडली. शिवी तशी साधीच होती, पण घरात ऐकणारं कोणी असतं तर तिनं तीही गिळली असती.

"मोडली का?" पलीकडच्या खोलीतून सासऱ्यांनी विचारलं.

सासरे ठार बहिरे. पण त्यांची खाट मधल्या भिंतीला टेकलेली होती आणि मशीनची धडधड भिंतीतून त्यांच्या तळव्यात उतरायची. दिवसभर ते एक हात भिंतीला लावून पडलेले असत. धडधड थांबली आणि दिवा मात्र चालूच दिसला, की लाइट गेलेली नाही, सुईच मोडली, हे त्यांना कळे. थोरली दारात गेली आणि दोन हातांनी काडी मोडल्यासारखं करून दाखवलं.

"जाऊ दे," सासरे मोठ्यानं म्हणाले. "सगळे तुकडे वेच."

ते सांगायला नको होतं. पांघरुणं होती बाळंतपणाच्या दवाखान्याची. दुहेरी कापडाची, आत कापसाचा थर भरलेली, आई आणि बाळ दोघांवर पुरतील एवढी ऐसपैस. एका कोपऱ्यात दवाखान्याचं चिन्ह भरायचं: पानांच्या वेलीत बाळाला घेतलेली आई आणि भोवती गोल अक्षरं. दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर खमक्या बाई. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता. मोडलेल्या प्रत्येक सुईचे सगळे तुकडे जोडून पुठ्ठ्यावर चिकटपट्टीनं लावायचे आणि तो पुठ्ठा मालाबरोबर द्यायचा. सुई पुरी जुळल्याशिवाय मशीनला नवी सुई लावायची नाही आणि त्या दिवशीचं एकही पांघरूण घराबाहेर जायचं नाही. "तुमच्या सुईचं टोक माझ्या बाळाच्या मानेत निघालं, तर मी कुणाला तोंड दाखवू?" असं त्या म्हणाल्या होत्या. त्यांच्या दवाखान्यातली सगळीच बाळं त्यांची.

थोरलीनं जुन्या रेडिओतलं लोहचुंबक घेतलं आणि जमिनीवर ओणवी झाली. वरचा तुकडा मशीनच्या दांड्यातच होता. मधला बॉबिनच्या घरात पडलेला. टोक चुंबकाला चिकटून आलं. तिनं तिन्ही तुकडे पुठ्ठ्यावर जुळवून लावले. पुठ्ठ्यावर आता मोडक्या सुयांची चांगली रांग झाली होती. ती सिस्टरना दाखवायची म्हणजे आपल्या हातानं आपल्याच तोंडाला काळं फासणं.

घरात सुना दोन, थोरली आणि धाकटी. गावही त्यांना एवढंच म्हणे. भरतकामाचं हे कॉम्प्युटरवालं मशीन आणलं ते दोघींनी मिळून. धाकटी कॉम्प्युटर शिकून आलेली, डिझाइन ती करी. कापड फ्रेमवर ताणणं, धागे लावणं, मशीन चालवणं थोरलीचं. समोरच्या खोलीत दोघी समोरासमोर बसत आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून गप्पा मारत, इतक्या की शेजारच्या आळीतली माणसं त्यांना भांडखोर समजायची. मग धाकटीच्या नवऱ्याला शहरात काम लागलं आणि ती दोघं गेली. डिझाइन काय, पेनड्राइव्हमध्ये घालून पाठवता येतं. मशीन इथंच राहिलं. थोरलीचा नवरा लांबच्या ट्रकवर. आला तर आला. यंदा पाऊस पाठ फिरवून गेला होता, रान उघडं पडलं होतं, विहिरीनं तळ दाखवला होता. उरली ती थोरली, सासरे, एक शेळी आणि मशीन.

मागल्या खेपेला दीर माल न्यायला आला तेव्हा चहा पिता पिता म्हणाला होता, "वहिनी, एवढी ऑर्डर बघू. सुया अशाच मोडत राहिल्या तर मशीन आम्ही तिकडं नेतो. तिथं लाइट जात नाही. तुमचीही दगदग वाचेल." तो भांडून बोलला असता तर तिनं उत्तर दिलं असतं. तो मायेनं बोलला, म्हणून तिनं त्याच्या कपात आणखी चहा ओतला. दगदग वाचेल म्हणे! मशीन गेलं की माल न्यायला येणारा दीर गेला, डिझाइन पाठवणारी धाकटी गेली आणि तिचा फोनही गेला. मग तोंड उघडायचं ते शेळीला हाक मारायला आणि बहिऱ्या माणसाला जेवायला बोलवायला. पोटाचं तिला फार वाटत नव्हतं, नवरा पोटापुरतं आणत होता. ती घाबरली होती ती त्या शांततेला.

फोनला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी. उन्हातनं ती तिथवर गेली.

"ताई, पुन्हा?" धाकटीनं फोन उचलताच विचारलं.

"पुन्हा."

"तुकडे?"

"सापडले सगळे. तू काय करतेस?"

"दुकानात आहे, ताई. गिऱ्हाईक उभं आहे. बोला लवकर."

धाकटी कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहून ठाणं उलगडायची. थोरलीला विचारायचं होतं, जेवलीस का, पाय दुखतात का, तिथं कुणाशी बोलतेस. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय जुनी. ती म्हणाली, "डिझाइन दाट आहे गं. पानावर देठ, देठावर अक्षर. सुईला शिरायला जागाच नाही."

"तेच डिझाइन आहे. दवाखान्याच्या पडद्यांना चाललं ना? मी फक्त लहान केलंय."

"लहान केलंस, पण टाके कमी केलेस का?"

पलीकडं क्षणभर नुसता दुकानातला गलका ऐकू आला. मग धाकटीचा आवाज चढला. "तुम्ही सुई बदला. चौदा नंबरची जाड लावा. स्पीड उतरवा. आणि चालू मशीनमध्ये कापड हातानं ओढू नका."

"मी नाही ओढत."

"ओढत असाल, कळत नसेल. नाचता येईना अंगण वाकडं असं नको ना व्हायला, जाऊबाई."

ताईची जाऊबाई झाली की बोलणं संपलं असं समजायचं. थोरलीनं फोन बंद केला आणि कठड्यावर बसून राहिली. कठडा तव्यासारखा तापला होता, तरी बसून राहिली.

मग तिनं हट्टानं सगळं करून बघितलं. चौदा नंबरची सुई लावली, स्पीड निम्मा केला. मशीन म्हाताऱ्या बैलासारखं चालू लागलं. बॉबिनचं घर उघडून कुंचल्यानं धुरळा काढला, तेल दिलं. सुई खाली जाते त्या भोकाच्या कडेला सुया आपटून आपटून कंगोरे आले होते, ते पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केले. कापड ताठ राहावं म्हणून खाली दोन कागद लावायची, त्यातला एक कमी केला. धाग्याचा ताण सैल केला तर वर गुंते येऊ लागले, आवळला तर धागा तुटू लागला. सुया कमी मोडू लागल्या, पण मोडायच्या थांबल्या नाहीत. मोडायच्या त्या एकाच जागी, आईच्या कोपराखाली, पान, देठ आणि अक्षर एकमेकांवर चढतात तिथं. तिथवर मशीन आलं की आवाज बदलायचा, 'टुकटुक'चं 'ठुकठुक' व्हायचं आणि थोरली श्वास रोखायची.

वारा दुपारभर धुरळा आणून टाकी. दार लावलं तर जीव गुदमरे, उघडलं तर पांढऱ्या पांघरुणांवर माती. मधनंच लाइट जाई आणि मशीन टाक्यात अडकून पडे. पांघरुणांचं ओझंही काही थोडं नव्हतं. कोपरा फ्रेममध्ये अडकवला की बाकी सगळा भार बाहेर लोंबे. तो एका खांद्यावर घेऊन, डाव्या कोपरानं आवरून, उजव्या हातानं बटणं दाबत ती उभी राही. संध्याकाळी मान वळत नसे.

एकदा लाइट गेली तशी तिनं पडद्यावरचं जुनं चिन्ह आणि हे नवं चिन्ह शेजारी शेजारी धरून उजेडाकडं केलं. जुन्यातनं टाक्याटाक्यांमधून उजेड पाझरत होता. नवं चिन्ह पत्र्यासारखं कडक, त्यातनं उजेडाचा थेंब येत नव्हता. माणसं तेवढीच ठेवून खोली लहान करावी, तसं झालं होतं. तिला बरोबर कळलं की चूक धाकटीची आहे. आणि कळून उपयोग काय? फोन करून सांगितलं तर भांडण. न सांगितलं तर अबोला. तिनं अबोला निवडला. धाकटीनंही फोन केला नाही. दोघी जावा आपापल्या जागी फुगून बसल्या आणि मधल्यामध्ये सुया मोडत राहिल्या.

ऑर्डर संपत आली होती. दुसऱ्या दिवशी दीर टेंपो घेऊन यायचा होता आणि त्या दुपारी पुन्हा 'टक्' झालं. थोरलीच्या गालाला काहीतरी चाटून गेलं. तिनं गाल चाचपला. रक्त नव्हतं. वरचा तुकडा दांड्यात होता, मधला कापडात रुतला होता. टोक नव्हतं.

तिनं जमीन चुंबकानं पिंजून काढली. बॉबिनचं घर उघडलं, मशीनखाली हात घातला, केस मोकळे करून झटकले, अंगावरचे कपडे बदलून तेही झटकले. सासरे उठून आले, काही न विचारता गुडघ्यांवर बसले आणि दाराच्या फटीपर्यंतची माती बोटांनी चिवडत राहिले. टोक नाही. मशीनच्या डाव्या हाताला त्या दिवशीच्या पांघरुणांचा ढीग होता. टोक उडालं ते तिकडंच. तांदळाच्या कणीएवढं टोक आणि कापसाचा एवढा मोठा ढीग.

"उद्या बघू," सासरे म्हणाले आणि भिंतीला धरून उठले.

उद्या तर दीर येणार. थोरलीनं डबीतली कोरी सुई काढली. पक्कड घेतली. कोऱ्या सुईचं टोक मोडून पुठ्ठ्यावर लावलं की सुई पुरी. कोण बघतंय? सिस्टर काही ती भिंगाखाली धरणार नाहीत. माल जाईल, मशीन राहील. पकडीत सुई धरून ती बराच वेळ उभी राहिली. तिला पोर झालं नव्हतं. पण पांघरूण कुठल्या बाजूनं मानेखाली घेतात हे तिला ठाऊक होतं. चिन्हाचा कोपरा वर यावा म्हणून सगळे तोच कोपरा बाळाच्या गालाशी ठेवतात. तिनं सुई डबीत घातली, पक्कड खुंटीला लावली आणि विहिरीकडं निघाली.

"टोक सापडत नाही," ती फोनवर म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

धाकटी म्हणाली, "ढिगात?"

"ढिगातच असणार. भाऊजींना सांग, उद्या येऊ नका. आणि मशीनचं काय ते…"

"मशीनचं राहू द्या. मी येते. सकाळच्या गाडीनं येते. तोवर ढिगाला हात लावू नका, टोक आत जाईल."

सकाळी धाकटी आली. वाळली होती. चपला काढल्या तेव्हा पावलं सुजलेली दिसली. सासऱ्यांच्या पाया पडून ती सरळ समोरच्या खोलीत गेली, खाली सतरंजी अंथरली आणि म्हणाली, "चला."

चुंबक कापसात खोलवर ओढत नाही. म्हणून दोघींनी जुनी रीत धरली. एकेक पांघरूण मांडीवर पसरायचं, हाताच्या पालथ्या बाजूनं दाबत जायचं, मग तोच भाग गालावरनं फिरवायचा. तळवा कामानं मुर्दाड होतो, पण गाल खोटं बोलत नाही.

"लागलं तर बोंबलू नका," धाकटी म्हणाली.

"मी कशाला बोंबलू? तुझेच गाल नाजूक. शहरातले."

"शहरातले! अहो, दुकानाच्या वर खोली आहे. खिडकीतनं समोरची खिडकी दिसते. त्या बाईचं सगळं वाळत घातलेलं मला पाठ आहे. ती अजून माझ्याशी बोललेली नाही."

"तू बोलायचं."

"बोलले ना. तिनं पडदा लावला."

थोरली हसली. हसता हसता तिला ठसका लागला, इतक्या दिवसांत घशाला त्याची सवय उरली नव्हती. मग बोलणं थांबेना. दुकानाच्या मालकाची नक्कल झाली, ट्रकवरच्या नवऱ्याची खबर झाली, शेळीनं खाल्लेल्या पेनड्राइव्हच्या टोपणाची गोष्ट झाली. फोनवर जे सहा महिन्यांत निघालं नव्हतं ते दुपारपर्यंत निघालं. नाचता येईना अंगण वाकडं, हे मात्र दोघींनी वळसा घालून टाळलं.

उन्हं कलली तेव्हा ढिगातली थोडीच पांघरुणं उरली होती. थोरली एका पांघरुणाची कड गालावरनं ओढत होती आणि गालाला बारीकसं टोचलं. ती थांबली. शिवणीच्या दुमडीत, बोटानं उसवल्यासारखं केलं तर चकाकलं. टोकच होतं.

तिनं वर पाहिलं. धाकटी खाली मान घालून पांघरूण दाबत होती आणि सांगत होती, "…संध्याकाळची गाडी मिळाली तर उद्या दुकानात हजर होते. नाही तर मालक कटकट करील." गाडीला अजून वेळ होता. आता 'सापडलं' म्हटलं की धाकटी उठणार, पायांत चपला घालणार, 'येते हं ताई' म्हणणार. मग पुन्हा ही खोली.

थोरलीनं टोक चिमटीत ओढून घेतलं आणि मूठ मिटली. मग घाम पुसल्यासारखं करून ते आपल्या बाहीच्या दुमडीत टोचून ठेवलं. पांघरुणाची घडी घातली. "यात काही नाही," ती म्हणाली.

लाज वाटली. बाळांच्या मानेची काळजी करणारी बाई ती हीच का, असंही वाटलं. पण लाजेच्या खाली कुठंतरी आनंद झाला होता आणि तो काही केल्या दबेना. उरलेल्या पांघरुणांवरनं ती मन लावून गाल फिरवत राहिली. संध्याकाळच्या गाडीचा भोंगा वाजला, गाडी गेली.

"ढीग संपला आणि टोक नाही," धाकटी म्हणाली. "उद्या पहिल्यापासून बघू."

"बघू," थोरली म्हणाली, आणि एका माणसाचं जास्त अन्न रांधायला उठली.

सकाळी केर काढून झाल्यावर तिनं टोक पुठ्ठ्यावर लावलं. "हे बघ. केरात निघालं. उंबऱ्याच्या फटीत होतं."

धाकटीनं पुठ्ठा हातात घेतला, टोक बघितलं, थोरलीकडं बघितलं. "बरं झालं," ती म्हणाली. एवढंच.

लाइट आली तशी राहिलेली पांघरुणं उरकायला घेतली. डिझाइन तेच, दाट. थोरलीनं फ्रेम चढवली आणि नेहमीसारखा भार खांद्यावर घ्यायला वाकली, तर भार नव्हता. धाकटीनं जुन्या सवयीनं समोर स्टूल ओढलं होतं आणि लोंबतं पांघरूण मांडीवर घेतलं होतं. पूर्वी दोघी अशाच बसत. ते काम आहे असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं. बोलायला बसायचं, तर हात रिकामे कशाला?

मशीन आईच्या कोपराखाली आलं. 'ठुकठुक' सुरू झालं. दोघींनी बोलणं थांबवलं. मशीन पुढं गेलं, पानं संपली, अक्षरं झाली, धागा कापून थांबलं. सुई शाबूत. पुढचं घेतलं, तेही निभावलं. तिसऱ्याला थोरली मुद्दाम म्हणाली, "सोडून बघ जरा." धाकटीनं मांडीवरचं पांघरूण सोडलं, तशी फ्रेम बारीकशी कलंडली, सुई तिरकी झाल्यासारखी दिसली आणि थोरलीनं घाईनं बटण दाबून मशीन थांबवलं.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"दाट तर आहेच," थोरली म्हणाली.

"आहेच. दुकानातनं आल्यावर डोळे मिटत होते माझे. नुसता आकार उतरवला, टाके तसेच राहिले. तुम्ही विचारलंत तेव्हाच मला कळलं होतं. पण कबूल करवेना."

"आणि मीही खांद्यावर घेऊन ओढतच होते की. ओढत नाही म्हटलं तुला."

"टाळी काय एका हातानं वाजते, ताई," धाकटी म्हणाली आणि पांघरूण पुन्हा मांडीवर घेतलं.

दीर आला तो दुपारी, टेंपो घेऊन, आणि टेंपोत दोरखंड आणि जुनी गादी होती. गादी मशीनखाली घालायला. तो चोरट्यासारखा इकडंतिकडं बघत म्हणाला, "वहिनी, माल झालाय म्हणे. मग आता एका फेरीतच…"

"मशीन न्यायचं नाही," धाकटी म्हणाली.

"अगं, पण ठरलं होतं ना? तिथं लाइट जात नाही."

"लाइट जात नाही, पण माणूसही येत नाही. तुम्ही सकाळी जाता ते दिवेलागणीला येता. मी दुकान सोडून मशीनवर बसले तर कापड कोण धरणार? समोरची पडदेवाली? सुया तिथंही मोडणारच आहेत. इथं निदान मोडली का, असं विचारणारं कुणी आहे."

दीर बायकोकडं बघतच राहिला. बहुधा तिथं तिला कुणी नाही हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. मग पुरुष अशा वेळी जे करतो ते त्यानं केलं, हाताला काम शोधलं. परसातल्या मोडक्या दाराची फळी आणली, धान्याच्या रिकाम्या पेट्या मशीनच्या शेजारी रचल्या, त्यावर फळी ठोकली, रंधा मारून गुळगुळीत केली आणि वर ती गादी पसरली. "घ्या. आता कापड लोंबणार नाही. कुणी धरायलाच नको."

"छान झालं," थोरली म्हणाली. तिला त्या फळीचा रागच आला होता.

पांघरुणं टेंपोत चढली. पुठ्ठाही दिला. दीर सासऱ्यांच्या कानाशी ओरडून निरोप घेत होता तेव्हा धाकटी थोरलीजवळ आली. तिच्या खांद्यावरचा धागा वेचल्यासारखं करत हळूच म्हणाली, "ताई, परत कधी टोक सापडलं तर मूठ एवढी घट्ट मिटू नका. रुतेल हाताला."

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. धाकटी मात्र टेंपोत चढून बसली होती आणि नेहमीसारखी हात हलवत होती.

नवं डिझाइन आलं. धाकटीनं या वेळी आकाराबरोबर टाकेही उतरवले होते, पानाखालचं देठ, अक्षराखालचं पान उडवलं होतं. सिस्टरनी आणखी पांघरुणं पाठवली होती. थोरली फळीवर पांघरूण पसरे, फ्रेम चढवी, बटण दाबी. मशीन गुणी बाळासारखं चाले. अकरा नंबरची बारीक सुईसुद्धा मोडेना. चिन्ह मऊ येई, हातात चुरगळता येण्यासारखं. नवा पुठ्ठा कोराच राहिला. भिंतीपलीकडं सासरे सुखानं हात लावून पडून असत, त्यांना उठून काही विचारायची पाळीच येत नव्हती.

फोन करायचा तर काय म्हणून करायचा? काम सुरळीत आहे हे सांगायला कुणी कुणाला दुकानात, गिऱ्हाईक उभं असताना, फोन करतं का? धाकटीनं एकदा केला होता, पण थोरली मशीनवर होती आणि मशीनपाशी रेंज नव्हती. नंतर केला तर तिनं उचलला नाही. असे बरेच दिवस गेले. मशीन ठेवायचं होतं, ते राहिलं. आता कुठं तोंड करून रडायचं?

एका दुपारी थोरलीनं चालू मशीन बंद केलं. सुई वर होती, सरळ, चकचकीत, नखभरही न वाकलेली. तिनं तिच्याकडं पाहिलं, कमरेचा फडका काढून तोंड पुसलं आणि उन्हातनं विहिरीवर गेली.

"ताई?" या वेळी धाकटीनं उचलला. मागं दुकानाचा गलका होता.

"मोडली गं," थोरली म्हणाली.

नव्या डिझाइनला, फळीवर, अकरा नंबरची सुई कशी मोडेल, हे धाकटीला कळत नसेल असं थोडंच होतं.

"तुकडे सापडले सगळे?" धाकटीनं विचारलं.

"नाही. एक राहिलाय."

धाकटी कुणाला तरी म्हणाली, "तुम्ही बघून घ्या जरा, माझं घरचं काम निघालंय." मग गलका मागं पडला, जिना चढल्याचा आवाज आला, दाराची कडी वाजली.

"शोधा," धाकटी म्हणाली. "घाई करू नका, ताई. मी फोन ठेवत नाही."

"बरं," थोरली म्हणाली, आणि कठड्यावर नीट मांडी घालून बसली.